उलटलेला मल्टिपल मायलोमा : औषधांचा प्रत्यक्षातील गुण आणि त्यांचे धोके

पाठदुखी भिवंडीला नवी नाही. यंत्रमागापुढे दहा-बारा तास उभा राहणारा कामगार किंवा गोदामात ओझी उचलणारा हमाल पाठ धरली की बाम चोळतो, जवळच्या दवाखान्यातून दुखण्यावरचे इंजेक्शन घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो. शंभरातील बहुतेकांच्या बाबतीत तेवढे पुरतेही. थोड्या जणांचे दुखणे मात्र महिनोन्महिने हटत नाही, वजन उतरते, चेहरा पांढुरका पडतो, आणि एके दिवशी साध्या झटक्याने मणका दबतो. मग तपासण्या सुरू होतात आणि अखेरीस कागदावर पूर्वी कधी न ऐकलेले नाव येते : मल्टिपल मायलोमा. चित्रपट अभिनेत्री लिसा रे यांना २००९ मध्ये हा आजार झाला, खासदार राहिलेल्या किरण खेर यांचा आजार २०२१ मध्ये जाहीर झाला आणि बिहारच्या लोकगायिका शारदा सिन्हा यांचे २०२४ मध्ये याच आजारात निधन झाले, म्हणून हे नाव वृत्तपत्रांतून आपल्या कानांवर आले. एरवी स्तनाच्या वा तोंडाच्या कर्करोगाइतका तो परिचित नाही.

या लेखात आम्ही पहिल्या उपचारापेक्षा त्यानंतरच्या अवस्थेविषयी लिहीत आहोत. उपचाराने शांत झालेला हा आजार पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा कुटुंबापुढे नव्या औषधांची नावे येतात, त्यांच्या किमती येतात, आणि इंटरनेटवरून कोणीतरी शोधून आणलेले आकडेही येतात. ते आकडे खरे असतात, परंतु ते आपल्या रुग्णाला जसेच्या तसे लागू पडतात का, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आमच्या मते सर्वात महत्त्वाचा प्रश्न तोच होय.

आजाराचे स्वरूप

आपल्या हाडांच्या आतील मज्जेत प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. यांपैकी एखादी पेशी बिघडून बेसुमार वाढू लागली की ती एकाच प्रकारचे निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडत राहते. त्यास डॉक्टर 'एम प्रोटीन' किंवा 'एम बँड' म्हणतात. या बिघडलेल्या पेशी हाडे पोखरतात, हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि नवे रक्त तयार होणे मंदावते. हाडदुखी, अशक्तपणा, वारंवार होणारा न्यूमोनिया, लघवीतून जाणारी प्रथिने ही लक्षणे या कारणांनी उद्भवतात.

पाश्चात्य देशांत हा आजार साधारणतः सत्तरीच्या आसपास आढळतो. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत मात्र रुग्णाचे मध्यम वय पंचावन्नच्या घरात, म्हणजे दहा-पंधरा वर्षे अलीकडे दिसते. याचा साधा अर्थ असा की आपल्याकडचा रुग्ण पुष्कळदा अजून कमावता असतो, मुलांची शिक्षणे वा लग्ने व्हायची असतात. निदानासही उशीर होतो, कारण मणक्याचे दुखणे दिसले की आपल्याकडे प्रथम मणक्याच्या क्षयाचा संशय घेतला जातो, आणि क्षय इतका सर्रास आढळतो की तो संशय गैर म्हणता येत नाही. तरीही क्षयाचे निदान पक्के झालेले नसताना उपचार सुरू झाले असतील आणि दुखणे हटत नसेल, तर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

दुखण्यावरच्या गोळ्यांविषयी येथेच सांगतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची औषधे मायलोमाच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. आजार ठाऊक नसताना घेतलेल्या गोळ्यांबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही. निदान झाल्यावर मात्र दवाखाना कोणताही असो, 'मला मायलोमा आहे' असे सांगितल्याशिवाय दुखण्याचे इंजेक्शन घेऊ नये.

आजार उलटतो म्हणजे काय

मायलोमा बहुतेकांच्या बाबतीत मुळासकट जात नाही. पहिल्या उपचारात तीन-चार औषधे एकत्र दिली जातात. प्रकृती सोसणारी असेल तर त्यानंतर रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण केले जाते, आणि पुढे लेनालिडोमाइडची गोळी कमी मात्रेत चालू ठेवतात. त्यानंतर आजार काही वर्षे शांत राहतो. कोणाचा दोन वर्षे, कोणाचा दहा. ही शांतता म्हणजे आजार संपला असे समजून पुष्कळ जण गोळ्या आणि तपासण्या दोन्ही बंद करतात. पाठ दुखत नाही, कामावर जाता येते, मग दर महिन्याचा खर्च कशासाठी, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण आजार उलटल्याचे पहिले चिन्ह पाठीत नसते, ते रक्तात असते. एम प्रोटीन आपल्या नीचांकापासून एकचतुर्थांशाने वाढले आणि ही वाढ डेसिलिटरमागे किमान अर्ध्या ग्रॅमची असली, तर डॉक्टर त्यास आजार पुढे सरकला असे मानतात. या टप्प्यावर हाडे अजून शाबूत असतात. ही वाढ तपासणीत सापडली तर उपचारासाठी वेळ मिळतो. मणका दबल्यावर सापडली तर तो मिळत नाही.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक उलटीनंतर मिळणारी शांतता सहसा आधीपेक्षा अल्प असते आणि पुढच्या उपचारापर्यंत पोचणारे रुग्णही कमी होत जातात. युरोपातील सात देशांतील सुमारे पाच हजार रुग्णांचे कागद तपासून २०१६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत पहिला उपचार ९५ टक्क्यांना मिळाला होता, दुसरा ६१ टक्क्यांना, तिसरा ३८ टक्क्यांना आणि चौथा केवळ १५ टक्क्यांना. मधले रुग्ण दगावले, इतके अशक्त झाले की औषध सोसवेना, किंवा अन्य कारणांनी उपचारांतून बाहेर पडले. यास्तव 'चांगले औषध नंतरसाठी राखून ठेवू' हा हिशेब मायलोमात बहुधा चुकतो. तो 'नंतर' पुष्कळांच्या वाट्याला येतच नाही.

औषधांची वाटचाल

१९९० च्या दशकापर्यंत या आजारावर मेल्फालन व स्टिरॉइड यांपलीकडे फारसे काही नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेतील डॉ. सीमा सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, इतर सर्व उपचार थकलेल्या ८४ रुग्णांना थॅलिडोमाइड देऊन पाहिले. त्यांपैकी ३२ टक्क्यांना त्याचा गुण आला. थॅलिडोमाइडचे नाव ज्येष्ठ वाचकांना वेगळ्या कारणाने आठवत असेल. गर्भवतींच्या मळमळीवर दिल्या गेलेल्या या औषधामुळे १९६१ पर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्माला आली. तेच औषध चाळीस वर्षांनी कर्करोगावर उपयोगी पडावे, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रसंग होय. मात्र त्याचा जुना दोष गेलेला नाही. थॅलिडोमाइड, लेनालिडोमाइड व पोमॅलिडोमाइड ही तिन्ही औषधे गर्भास घातक आहेत. घरातील गर्भवती स्त्रीने या कॅप्सूल उघडू नयेत, फुटलेल्या कॅप्सूलला हात लावू नये, आणि औषध घेणाऱ्या पुरुषानेही डॉक्टरांकडून आवश्यक ती दक्षता समजून घ्यावी.

त्यानंतर २००३ मध्ये बोर्टेझोमिब आले. ६६९ रुग्णांच्या चाचणीत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ नुसत्या डेक्सामेथासोनवर साडेतीन महिने, तर बोर्टेझोमिबवर सहा महिन्यांहून थोडा अधिक भरला. २००६ मध्ये अमेरिकेत लेनालिडोमाइडला मायलोमासाठी मान्यता मिळाली. पुढे २०१२ मध्ये कारफिल्झोमिब, २०१३ मध्ये पोमॅलिडोमाइड, तर २०१५ मध्ये डाराट्युमुमॅब व इक्साझोमिब आले. आज उलटलेल्या मायलोमात यांपैकी दोन वा तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आहे.

चाचणीचा आकडा आणि आपला रुग्ण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डाराट्युमुमॅब हे लेनालिडोमाइड व डेक्सामेथासोन यांच्या जोडीला दिले असता आजार सरासरी ४४ महिन्यांहून अधिक काळ दबून राहिला. नुसत्या जोडीवर तो साडेसतरा महिने दबून राहिला. पोलक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचा हा निष्कर्ष असून तो विश्वसनीय आहे. परंतु लेनालिडोमाइडला न जुमानणारा आजार असलेल्या रुग्णांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते. आपल्याकडे आज पुष्कळ रुग्ण पहिल्या दिवसापासून लेनालिडोमाइड घेत असतात आणि ती गोळी चालू असतानाच त्यांचा आजार उलटतो. अशा रुग्णाला ४४ महिन्यांचे आश्वासन देणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा धनादेश वटवायला नेण्यासारखे आहे. त्याच्यासाठी डाराट्युमुमॅबला वेगळी जोड निवडावी लागते आणि अपेक्षाही वेगळी ठेवावी लागते.

चाचणीत प्रवेश देताना मूत्रपिंडांचे कार्य, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, हृदयाची अवस्था, आधीची नसांची इजा, चालण्या-फिरण्याची क्षमता हे सर्व पाहिले जाते. अमेरिकेतील कनेक्ट एम. एम. या नोंदवहीत नव्याने निदान झालेल्या १४०६ रुग्णांना हे निकष लावून पाहिले, तेव्हा ४० टक्के रुग्ण चाचणीच्या दारातूनच परतले असते असे दिसले. तीन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण पात्र रुग्णांत ७० टक्के, तर अपात्रांत ६३ टक्के होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात सर्व रुग्णांच्या सरकारी नोंदी एकत्र करून नुकताच जो अभ्यास झाला, त्यातही बहुतेक औषधयोजनांचा प्रत्यक्षातील गुण चाचणीपेक्षा कमी आढळला. औषध तेच होते, माणसे व परिस्थिती निराळी होती.

तथापि नेहमीच असे घडते असे नाही. इक्साझोमिब ही आठवड्यातून एकदा घ्यायची कॅप्सूल आहे. लेनालिडोमाइड व डेक्सामेथासोनसह ती दिल्यावर चाचणीत आजार सुमारे २०.६ महिने दबून राहिला, आणि निरनिराळ्या देशांतील साध्या रुग्णालयीन नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हाही आकडा जवळपास तेवढाच आला. घरी घेता येणारी, दवाखान्याच्या फेऱ्या वाचवणारी योजना प्रत्यक्षात टिकते, असे आम्ही यातून समजतो. मात्र हेही नोंदवले पाहिजे की याच चाचणीच्या अखेरच्या हिशेबात इक्साझोमिबमुळे एकूण आयुष्यात ठळक वाढ दिसली नाही. आजार दबून राहण्याचा काळ आणि आयुष्य वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. डॉक्टरांना विचारताना दोन्ही वेगवेगळ्या विचाराव्यात.

भिवंडीचे उदाहरण घेऊन हे अंतर कसे पडते ते पाहू. समजा, येथील एका गृहस्थाला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वा त्याच्या खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्रात बोर्टेझोमिबचे इंजेक्शन दर आठवड्याला घ्यायचे आहे. वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड हे स्थानक आहे, पण तेथून मुंबईची थेट लोकल नाही. म्हणजे पहाटे रिक्षा किंवा बसने कल्याण अथवा ठाणे गाठायचे, तेथून गर्दीच्या लोकलने पुढे जायचे, दबलेल्या मणक्यासह जिने चढायचे, रक्ततपासणीच्या रांगेत उभे राहायचे. इंजेक्शनला काही सेकंद लागतात, दिवस मात्र पूर्ण जातो. रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्या मुलाचीही. पावसाळ्यात एखादी फेरी चुकते, सणाला दुसरी. चाचणीतील रुग्णाची फेरी चुकली तर त्याला फोन जातो आणि चाचणीचे औषध त्याला विनामूल्य मिळते. आपल्या गृहस्थाला फोन करणारे कोणी नसते. औषधाची शक्ती रस्त्यात हरवते ती अशी.

यावर काही मार्ग आहेत. मुख्य रुग्णालयाने योजना लिहून द्यावी आणि आठवड्याचे इंजेक्शन ठाणे-कल्याण परिसरातील कर्करोगतज्ज्ञाकडे घ्यावे, अशी सोय पुष्कळ डॉक्टर करून देतात. ती मागावी लागते. आठवड्यातून दोनदा द्यायचे बोर्टेझोमिब एकदा देण्याची पद्धतही आता रूढ आहे. फेऱ्या झेपणार नसतील तर पूर्णतः तोंडाने घेण्याची योजना होऊ शकते का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. 'आम्हांला दर आठवड्याला येणे जमणार नाही' हे सांगण्यात कमीपणा नाही. न सांगता फेऱ्या चुकवण्याने मात्र हानी होते.

धोके आणि त्यांची ओळख

या विषयात आमचा अधिक भर सुरक्षिततेवर आहे, कारण औषध सोडून देण्यामागे पुष्कळदा असे त्रास असतात की जे वेळीच सांगितले असते तर मात्रा कमी करून टाळता आले असते.

बोर्टेझोमिबचा मुख्य त्रास नसांचा. प्रथम तळपायांना मुंग्या येतात, मग चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, पुढे बटणे लावणे कठीण होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत शिरेतून औषध घेणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना, तर कातडीखाली घेणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना हा त्रास झाला. तीव्र त्रासाचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, आणि गुण मात्र तितकाच राहिला. तेव्हा इंजेक्शन कोठे दिले जात आहे हे विचारण्यास हरकत नाही. यंत्रमागावर तुटलेला धागा बोटांनी जोडणाऱ्या कारागिराला बोटांचा बधिरपणा म्हणजे नोकरी जाणे होय. त्याने आपला व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा. याच औषधाने नागीण उठण्याचा संभव वाढतो, म्हणून ॲसायक्लोव्हिरची गोळी सोबत देतात. ती 'जादा गोळी' समजून बंद करू नये.

लेनालिडोमाइड व पोमॅलिडोमाइड यांनी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. यासाठी ॲस्पिरिन वा रक्त पातळ करणारे दुसरे औषध सोबत असते. एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, अचानक धाप लागणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडे कमजोर असतील तर लेनालिडोमाइडची मात्रा कमी करावी लागते, यास्तव क्रिएटिनिनची तपासणी टाळू नये.

कारफिल्झोमिब प्रभावी आहे. बोर्टेझोमिबशी थेट तुलनेत त्याने आजार दुप्पट काळ, म्हणजे ९.४ ऐवजी १८.७ महिने दाबून ठेवला. परंतु ते रक्तदाब वाढवते व काहींच्या हृदयावर ताण आणते. साठीच्या पुढच्या, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्या रुग्णाने आधी इकोकार्डिओग्राफी केली आहे ना, हे पाहावे.

डाराट्युमुमॅबच्या पहिल्या सलाइनच्या वेळी थंडी, धाप, घसा धरणे असा प्रकार होऊ शकतो, म्हणून ती सावकाश, सात-आठ तास चालवतात. कातडीखाली द्यायचा प्रकार काही मिनिटांत होतो. या औषधाची एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते : ते घेतलेल्या रुग्णाच्या रक्ताची जुळणी रक्तपेढीत नेहमीच्या पद्धतीने नीट होत नाही. म्हणून औषध सुरू होण्यापूर्वी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून तिचा कागद रुग्णाजवळ ठेवावा. उद्या अपघात होऊन भिवंडीतल्याच एखाद्या रुग्णालयात रक्त चढवण्याची वेळ आली, तर तो कागद दाखवता येतो. हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग या औषधाने पुन्हा जागा होऊ शकतो, म्हणून तीही तपासणी आधीच करतात.

डेक्सामेथासोन, म्हणजे घरोघरी 'स्टिरॉइड' म्हणून ओळखली जाणारी गोळी, प्रत्येक योजनेत असते आणि स्वस्त असल्यामुळे तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. आमच्या मते आपल्या समाजात सर्वाधिक त्रास हिच्यापासूनच होतो. ती रक्तातील साखर चढवते, झोप उडवते, स्वभाव चिडखोर करते, जठराला इजा करते आणि जंतुसंसर्गास दार उघडते. मधुमेही रुग्णाने गोळीच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी साखर तपासावी. पंचाहत्तरीच्या पुढे आठवड्याला ४० ऐवजी २० मिलिग्रॅम देण्याचा संकेत आहे. रात्रभर घरात येरझाऱ्या घालणाऱ्या, बारीकसारीक कारणाने ओरडणाऱ्या वडिलांचा तो स्वभाव नसून ती गोळी असू शकते, हे घरच्यांनी ध्यानी घ्यावे.

क्षयाचा उल्लेख वर आलाच आहे. या उपचारांत दबलेला क्षय पुन्हा उसळू शकतो, आणि क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध बोर्टेझोमिबचे रक्तातील प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटवते. म्हणजे एका दवाखान्यात क्षयाचे आणि दुसऱ्यात मायलोमाचे उपचार चालू असतील व दोघांना एकमेकांची वार्ता नसेल, तर कर्करोगाचे औषध घेऊनही न घेतल्यासारखे होते. कोणाच्या सल्ल्याने घेतलेले काढे, भस्मे, हिरव्या चहाचा अर्क यांविषयीही हेच सांगावेसे वाटते. लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. हिरव्या चहातील एक घटक बोर्टेझोमिबला निष्प्रभ करतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

हाडे बळकट ठेवण्यासाठी दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू होण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत. इंजेक्शने चालू असताना दात उपटल्यास जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो.

नवे म्हणजे अधिक चांगले, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. मेलफ्लुफेन या औषधाला २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत घाईची मान्यता मिळाली. पुढील चाचणीत ते घेणाऱ्यांचे आयुष्य घटल्याचे दिसून त्याच वर्षी ते बाजारातून मागे घ्यावे लागले. व्हेनेटोक्लॅक्स हे रक्ताच्या अन्य कर्करोगांवरील औषध मायलोमातही वापरून पाहिले असता औषध घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाले, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. विशिष्ट गुणसूत्रीय बदल असलेल्या रुग्णांत मात्र त्याचा उपयोग दिसतो. म्हणून अशा औषधाचे नाव निघाले तर 'आमच्या रुग्णाची गुणसूत्रांची तपासणी झाली आहे का' असे विचारावे.

कार-टी उपचाराविषयी गैरसमज आहे. मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार-१९ या भारतीय उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली व एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तो बी पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमासाठी आहे, मायलोमासाठी नव्हे. मायलोमाचे कार-टी उपचार वेगळे असून त्यांना अमेरिकेत २०२१ व २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्यांचा गुण मोठा आहे, तसेच तीव्र ताप, रक्तदाब घसरणे, मेंदूवर परिणाम व दीर्घकाळ चालणारे जंतुसंसर्ग हे धोकेही मोठे आहेत.

खर्चाविषयी

बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व पोमॅलिडोमाइड ही औषधे भारतीय कंपन्या बनवतात आणि मूळ परदेशी औषधांच्या तुलनेत ती पुष्कळच स्वस्त मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व थॅलिडोमाइड यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. भारताच्या राष्ट्रीय यादीत लेनालिडोमाइड २०२२ मध्ये आले. डाराट्युमुमॅब आजही महाग आहे, जरी २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. मात्र तीत ठरावीक उपचारच बसतात. आपल्याला सांगितलेली योजना यादीत आहे किंवा नाही, हे पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

स्वस्ताच्या शोधात बिलाशिवाय औषध घेण्याचा मोह टाळावा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. रुग्णालयांतून महागड्या कर्करोग-औषधांच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत भलतेच द्रव भरून ती विकत असे. कुपीवरचा बॅच क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि वापरलेली कुपी आपल्यासमोर निकामी करण्यास सांगावे.

एक प्रश्न राहतो, आणि तो कॅथलिक कुटुंबांत हलक्या आवाजात विचारला जातो. तिसरे-चौथे औषधही थकले, पुढचे औषध काही महिने देईल आणि त्यासाठी घर विकावे लागेल, अशा वेळी ते नाकारले तर आपण जीवनाचा अव्हेर केला असे होते का? ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम आपल्या २२७८ व्या परिच्छेदात सांगतो की भारभूत, धोकादायक, असामान्य किंवा अपेक्षित फळाच्या मानाने अवाजवी असे उपचार थांबवणे न्याय्य असू शकते; त्यात मृत्यू घडवून आणण्याचा हेतू नसतो, तो टाळता येत नाही हे स्वीकारलेले असते. हा निर्णय रुग्णाने स्वतः घ्यावयाचा आहे, तो सक्षम असेपर्यंत. सर्वसामान्य शुश्रूषा मात्र थांबवता येत नाही आणि वेदनाशमन हे उपचारातच मोडते. मॉर्फिन, मणक्याच्या दुखऱ्या जागी किरणोत्सार, रक्त चढवणे ही सर्व साधने तेव्हाही उपलब्ध असतात. वेदनाशमन विभागाकडे अखेरच्या आठवड्यात धाव घेण्याऐवजी पहिल्या उलटीपासून जाणे अधिक हिताचे.

घरी एक वही ठेवावी. तीत पहिल्या पानावर आजाराचे नाव, आतापर्यंत दिलेली औषधे, प्रत्येकाची सुरुवात व अखेर, आणि ते थांबवण्याचे कारण लिहावे : गुण आला नाही, की त्रास सोसवला नाही? पुढील औषध निवडताना डॉक्टरांना सर्वाधिक उपयोग या एका ओळीचा होतो. त्यापुढे दर तपासणीचे एम प्रोटीन, फ्री लाइट चेन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन व कॅल्शियमचे आकडे तारखेसह लिहीत जावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, श्वास लागला, एक पाय सुजला, लघवी कमी झाली, पायांतील शक्ती एकाएकी गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि जाताना ती वही बरोबर न्यावी.